जत्रा देवाची, महोत्सव पाहुण्यांचा

सजवलेले हत्ती पाहायचे तर आपल्याकडची हौशी मंडळी जयपूरला जातात, नाहीतर थेट केरळात त्रिशूरला. जयपूरला होळीच्या सुमारास हत्तींच्या अंगावर वेलबुट्टी रंगवून, झुली आणि पैंजण घालून त्यांची मिरवणूक काढायची प्रथा राजस्थानच्या पर्यटन खात्याने पाडली, ती मुख्यतः बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. पुढे प्राणिमित्रांनी हरकत घेतली, तेव्हा तो थाट आवरता घ्यावा लागला. त्रिशूरच्या पूरमचं तसं नाही. वडक्कुन्नाथनाच्या देवळापुढे सोनेरी पट्टे ल्यालेले हत्ती रांगेने उभे राहतात, ते पाहुणे येवोत न येवोत. हत्ती दोन्हीकडे नटलेलाच. पण एक पाहुण्यांसाठी नटलेला, दुसरा देवासाठी.

हा फरक समजून घ्यायला इतकं दूर जायची मात्र गरज नाही. विरारच्या पुढे गाडी वैतरणेचा पूल ओलांडते, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू अशी एकेक स्टेशनं मागे पडतात, त्याच टापूत या दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात. एक आहे बोर्डीचा चिकू महोत्सव, खास पाहुण्यांसाठी भरवलेला. दुसरा जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा, तो सर्वस्वी देवीचा. आणि दोन्हींच्या मधोमध महालक्ष्मीची जत्रा. हत्ती म्हणाल, तर तोही एक आहे. पण तो शेवटी भेटेल.

बोईसर-तारापूर हे नाव घेतलं की बहुतेकींच्या डोळ्यांपुढे कारखान्यांच्या चिमण्या येतात. 1969 साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, देशातली पहिली. मागोमाग औद्योगिक वसाहत आली, क्वार्टर्स आल्या, साताऱ्या-सांगलीपासून उत्तर प्रदेशापर्यंतची कुटुंबं येऊन स्थायिक झाली. तारापूरचा पोर्तुगीजांचा किल्ला 1739 साली मराठ्यांनी घेतला हे मुलं शाळेत शिकतात. पण आठवड्याच्या बाजारात पानांचे द्रोण मांडून बसलेल्या वारली बाईचं गाव कुठलं, तिचा सण कोणता, हे वीस-वीस वर्षं क्वार्टरमध्ये राहिलेल्या बाईलाही पुष्कळदा ठाऊक नसतं. पावसाच्या तोंडावर आपण तिच्याकडून शेवळं घेतो, सोबत काकडं मागून घेतो, पुढे करटोली घेतो, आणि दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. ओळख तेवढीच.

ही ओळख वाढवायची असेल, तर बोर्डीपासून सुरुवात करणं सोपं.

बोर्डी हे डहाणू तालुक्याचं उत्तरेचं टोक. पलीकडे लगेच गुजरात. लांबच लांब सपाट किनारा, त्याला सुरूच्या झाडांची झालर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. इतकी गर्द सावली की ऐन दुपारीही वाडीत शिरलं की अंगावर गारवा येतो. चिकू हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं झाड. त्याच्या चिकापासून तिकडे पूर्वी चघळायचा गोंद, म्हणजे च्युइंगम करीत. पण डहाणू-घोलवडच्या मातीला ते असं मानवलं की आता ते परकं आहे म्हटलं तर इथला माणूस हसेल. पारशी आणि इराणी बागायतदारांनी इथे वाड्या वाढवल्या. कालीपत्ती ही इथली मुख्य जात. 2016 साली घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नागपूरची संत्री म्हणावं तसं घोलवडचा चिकू हे नाव कायद्याने राखलं गेलं.

याच चिकूच्या नावाने 2013 सालापासून बोर्डीला महोत्सव भरू लागला. थंडी सरत आली की दोन दिवस मांडव पडतात, मुंबई-ठाण्याहून, सुरत-वापीहून गाड्या येतात. एकाच फळाचे किती प्रकार करावेत! वाळवलेल्या चकत्या, पूड, लोणचं, बर्फी, कुल्फी, सरबत. वाड्यांमधून पाहुण्यांना फिरवून आणतात. लांब काठीच्या टोकाला जाळी बांधून फळ न आपटता कसं उतरवायचं, ते दाखवतात. मांडवात बायका बांबूच्या टोपल्या विणत असतात, कुणी गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांनी वारली चित्रं काढत असते, आणि हौशी पाहुण्यांना शिकवतही असते. आणि दिवस कलला की तारपा वाजतो.

तारपा ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वाळलेल्या दुधीभोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा जोडून केलेलं हे वाद्य. वाजवणारा मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला हात गुंफलेल्या बायका-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरत असते. तो वळला की साखळी वळते. नियम एकच, तारप्याकडे पाठ करायची नाही. नवं भात तयार झालं की दिवाळीपर्यंत रात्र-रात्र हा नाच पाड्यापाड्यावर चालायचा. महोत्सवात मात्र तो चालतो अर्धा तास, दिव्याच्या झोतात, आणि समोर शंभर माणसं फोन वर धरून उभी.

इथेच मनात प्रश्न येतो. हे बरं की वाईट?

एक बाजू अशी, की नाचणाऱ्याला मानधन मिळतं, टोपलीला गिऱ्हाईक मिळतं, लोणचं घालणाऱ्या बचत गटाच्या बाईच्या हातात स्वतःचे पैसे येतात. ज्या बाईने कधी तालुक्याबाहेर माल विकला नाही, ती पाहुण्यांशी हिंदीत भाव करू लागते. हे कमी नाही. शेतीचं काम चार महिने, मग वीटभट्टी, मग आणखी कुठली मजुरी, असं वर्षाचं गणित असलेल्या घरात दोन दिवसांची ही विक्रीही महत्त्वाची ठरते. उगीच नाकं मुरडणाऱ्यांनी आधी हा हिशेब पाहावा.

पण दुसरी बाजूही डोळ्यांआड करू नये. ती समजायला वारली चित्रांची गोष्ट आठवावी. ही चित्रं मुळात बायकांची. लग्नघरात भिंत सारवून, गेरूने लिंपून, तांदळाच्या पिठीने लग्नचौक लिहायचा तो सवाशिणींनी. मध्ये पालघट देवी. शेजारी बसून धवलेरी लग्नाची गाणी म्हणणार. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. हो, बाई! आपल्याकडे स्त्री पुरोहित ही अलीकडची नवलाई, पण वारल्यांचं लग्न तिच्या गाण्यांवाचून लागतच नाही. चौक हा विधी होता, लग्न झालं की त्याचं काम संपलं. तो विकायचा कुणाच्या मनातही नव्हतं.

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात फिरले, त्यांनी ही कला कागदावर आणली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी चौकाच्या बाहेरचं सगळं जग चित्रात आणलं, शेत, मासेमारी, मुंग्यांचं वारूळ, तारप्याचा नाच. देशोदेशी त्यांची प्रदर्शनं झाली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. त्यांची थोरवी वादातीत आहे. पण चित्राला बाजार मिळाला आणि चित्रकार म्हणून नावं पुढे आली ती बहुतेक पुरुषांची, हेही खरं. पिढ्यान् पिढ्या भिंती रंगवणाऱ्या सवाशिणींची नावं कुणी विचारली नव्हती. विक्रीला काढल्यावर एखाद्या गोष्टीची मालकी कशी हळूच सरकते, याचं हे उदाहरण आपण बायकांनी तरी लक्षात ठेवावं. 2014 साली वारली चित्रकलेलाही भौगोलिक मानांकन मिळालं. तरी शहरातल्या दुकानांतून चादरींवर, कपबशांवर यंत्राने छापलेले ते त्रिकोणी माणसांचे नाच आपण सर्रास घेतो, त्यातला पैसा कुठल्याच पाड्यावर पोचत नाही.

बोर्डीला गेलातच, तर मांडवापुरतं पाहून परतू नका. या गावाचं आपल्यावर एक मोठं ऋण आहे. 1945 साली ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी याच बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. खेड्यातल्या मुलांसाठी, कमी खर्चाची, गावातल्याच वस्तूंनी चालणारी बालवाडी. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी जन्माला आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज देशभर जो शब्द सरकारी कागदावर आहे, तो या मातीत दोन बायकांच्या पायपिटीतून आला आहे. कोसबाड डहाणूहून जवळ आहे. मुलांना घेऊन जरूर जावं.

आणि त्याच 1945 साली शेजारच्या तलासरी भागात, झरी गावी वारल्यांची परिषद भरून वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकिगत लिहिली आहे. चिकूच्या गार सावलीत फिरताना एवढं माहीत असावं. इथला नाच नुसता आनंदाचा नाही, पुष्कळ सोसून टिकलेल्या माणसांचा तो नाच आहे.

आता महालक्ष्मी. मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर चारोटी नाक्याच्या पुढे विवळवेढे गावी देवीचं देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस जत्रा चालते. देवीचं मूळ ठाणं वर मुसळ्या डोंगरावर. सांगतात, की एक भक्तीण गरोदरपणातही डोंगर चढून दर्शनाला निघाली आणि वाटेत चक्कर येऊन पडली. देवी म्हणाली, बाई, तू आता चढू नकोस, मीच खाली येते. म्हणून देवी पायथ्याशी आली. देवांच्या पुष्कळ कथा ऐकल्या, भक्ताने नवस फेडायला डोंगर चढल्याच्या. पण पोटुशी बाईचे कष्ट पाहून स्वतः डोंगर उतरणारी देवी निराळीच! ध्वज मात्र आजही डोंगरावर चढवला जातो, आणि तो मान आदिवासी कुटुंबाचा आहे.

या जत्रेत पाहुणे आणि गावकरी एकत्र मिसळतात. मुंबईहून बस करून आलेल्या बायका ओटी भरतात, आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं पावसाळ्याची बेगमी करून जातात, सुकी मासळी, मसाले, सुपं, टोपल्या, कोयते. इथे कुणी कुणाला 'दाखवत' नाही. ज्याला जे हवं ते तो घेतो.

तिसरी पायरी बोहाड्याची, आणि ती चढायला थोडी हिंमत लागते, कारण रात्रभर जागायचं असतं. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांत फाल्गुन-चैत्रापासून पावसाआधीपर्यंत गावोगाव बोहाडे होतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर असे सगळे त्यात असतात. कागदाच्या लगद्याचे, लाकडाचे मोठाले मुखवटे, त्यांना 'सोंगं' म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घराण्याने घ्यायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. मुखवटा ही घरची ठेव. वर्षभर जपायचा, वेळ आली की रंग द्यायचा, पूजा करायची आणि मगच डोक्यावर चढवायचा.

रात्री संबळ आणि सनईवर ठेका धरला जातो. पूर्वी टेंभ्यांच्या उजेडात, आता विजेच्या दिव्यांत, गावाच्या रस्त्यावर एकेक सोंग नाचत येतं आणि नाचत जातं. राम-लक्ष्मण येतात, रावण येतो, मारुती, नरसिंह, वेताळ, राक्षसिणी. बायकांची सोंगंही पुरुषच घेत आले आहेत. पोरं आधी घाबरतात, मग त्याच राक्षसाच्या मागे धावतात. आजीबाई घोंगडी पांघरून कोपऱ्यात बसलेल्या असतात, पण कुठलं सोंग आलं हे डोळे मिटूनही ठेक्यावरून ओळखतात. आणि पहाटे, उजाडता उजाडता, देवी आणि महिषासुर यांची लढाई. असुर पडतो, देवीची पूजा होते, आणि लोक घरी जातात, कारण सकाळची कामं थांबलेली नसतात.

आणि हो, हत्ती. बोहाड्यात सुरुवातीलाच गणपतीचं सोंग येतं. मोठाले कान, वळलेली सोंड, कपाळावर रंगाची नक्षी, मुकुट, आणि खाली धोतर नेसलेला गावातलाच एक शेतकरी, दिवसभर उन्हात राबून आलेला. जयपूरच्या हत्तीला कुणी विचारलं नव्हतं, बाबा, तुला रंग लावू का म्हणून. हा हत्ती मात्र स्वतःहून सजतो, उपवास करून सजतो. नाचून झाल्यावर मुखवटा उतरवला की घामाने भिजलेला तो माणूस पाणी मागतो, आणि शेजारची बाई लोटा पुढे करते.

याच जव्हार-मोखाड्याचं नाव 1992 साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे देशभर पोचलं. कुपोषणाने मुलं दगावली. तेव्हापासून योजना आल्या, मंत्री आले, 2014 साली ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हाही झाला. तरी होळी झाली की कामासाठी घरं बंद करून बाहेर पडणारी कुटुंबं आजही आहेत. सोंग घेणारा भट्टीवर गेला तर त्याच्या घरचा मुखवटा कोण नाचवणार? बोहाडा टिकायचा तर आधी माणूस गावात टिकला पाहिजे. कुणी मोठं पारितोषिक दिलं, कुणी त्याचे फोटो पुस्तकात छापले, एवढ्याने तो टिकणार नाही.

किनाऱ्यालाही काळजी आहेच. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि मोठ्या कारखान्यांना आळा घातला, म्हणून या वाड्या उरल्या. आता त्याच तालुक्यात वाढवण इथे प्रचंड बंदर होऊ घातलं आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. रोजगार येईल असं सरकार म्हणतं, आमची जाळी कुठे टाकायची असं मच्छीमार बायका विचारतात. बोंबील वाळत घालायच्या वलांडी, चिकूच्या वाड्या आणि बंदर यांचा मेळ कसा बसायचा, हे येती वर्षं सांगतील. एवढं खरं, की महोत्सवाचा मांडव कुठेही घालता येतो, वाडी मात्र उचलून नेता येत नाही.

मग आपण जायचं की नाही? मी म्हणेन, जरूर जावं. फक्त जाताना थोडं भान ठेवावं. महोत्सवाला गेलात तर पाहुणे म्हणून खुशाल मिरवा, तो तुमच्यासाठीच आहे. पण वस्तू घ्याल ती करणाऱ्या बाईच्या हातून घ्या, आणि तिचं नाव विचारा. चित्र घेतलंत तर खाली तिने नाव घातलं आहे का ते पाहा, नसलं तर घालायला सांगा. शंभर रुपयांच्या टोपलीत वीस रुपये कमी करून घेतल्याने आपला संसार तरत नाही. "मावशी, काहीतरी कमी करा ना," हे आपल्या जिभेवरच बसलेलं असतं. मॉलमध्ये गेल्यावर तीच जीभ कशी गप्प बसते? जत्रेला गेलात तर भक्त म्हणून जा. आणि बोहाड्याला गेलात, तर आमंत्रण नसलेल्या घरच्या कार्याला गेल्यासारखं जा. मागे बसावं, वाट अडवू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नये, मुखवट्याला हात लावू नये. कुणी चहा दिला तर नाही म्हणू नये.

जाण्यासाठी थोडी माहिती. 2013 पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे पालघर-बोईसरकरांना बोर्डी सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यासारखी आहे. डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड असा किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता, एस्टी आणि रिक्षा मिळतात. घोलवडला थांबणारी गाडी मिळाली तर आणखी सोयीचं. महोत्सवाच्या तारखा दर वर्षी बदलतात, आधी चौकशी करावी. महालक्ष्मीला चारोटीमार्गे जावं, उन्हाचे दिवस असतात, पाणी आणि टोपी विसरू नये. जव्हारला पालघरहून एस्टी आहे, पण बोहाड्यासाठी ओळखीचं कुणी गाठून, मुक्कामाची सोय करूनच जावं. डोंगरात चैत्रातही पहाटे गारठा पडतो, शाल बरोबर असू द्यावी.

आणि वाडीतून चिकू आणलेत तर एवढं करा. फळाला नखाने हलकेच खरवडून पाहा, आत हिरवं दिसलं तर ते कोवळं उतरवलेलं, पिवळसर दिसलं तर तयार. कच्चे चिकू फ्रीजमध्ये ठेवू नयेत, नीट पिकत नाहीत. पेपरात गुंडाळून टोपलीत ठेवावेत, तीन-चार दिवसांत मऊ होतात. जास्त झाले तर सालं काढून पातळ चकत्या कराव्यात आणि पातळ फडक्याखाली कडक उन्हात खडखडीत वाळवाव्यात. दळून पूड करून बरणीत भरावी. दुधात चमचाभर घातली की मुलांना वेगळी साखर लागत नाही. फळ पुरतं पिकलेलं मात्र हवं, नाहीतर तुरटपणा जात नाही.

पुढच्या पावसात बाजारात ती शेवळं घेऊन बसेल. तेव्हा भावाआधी तिला गाव विचारा. मोखाड्याकडचं म्हणाली, तर विचारा, यंदा तुमचा बोहाडा झाला का? तिचा चेहरा कसा उजळतो ते पाहा.